मधली धार

धरणाच्या पाण्यानं टेकडीवरच्या गावाचं बेट केलं, तेव्हापासून उकर्डाजींचा डोंगा हाच गावाचा रस्ता होता. माणसं, शेळ्या, मोटारसायकली, सगळं त्यातूनच जायचं. मधोमध आल्यावर पाण्याखाली बुडालेली जुनी नदी डोंगा डावीकडे ओढायची. तिथं उकर्डाजी ओरडायचे, "उजव्या अंगाले सरका!" सरपंच एकदा जागचे हलले नाहीत, तर त्यांनाही म्हणाले, "पाणी काय तुमची खुर्ची पाहून राहिलं का? सरका!" सरपंचही सरकले.

यंदा पूल झाला. उकर्डाजी पहिल्यांदाच काळीपिवळी जीपमध्ये बसून बाजाराला निघाले. खाली पाणी उन्हात डुलत होतं. बघता बघता त्यांचे डोळे मिटले, हातात वल्हं आलं, आणि पुलाच्या ऐन मध्यावर ते झोपेतच ओरडले, "उजव्या अंगाले सरका!"

अमरावतीचा नवखा ड्रायव्हर खो खो हसला. "बाबाजी, पुलावर आहो ना आपण!"

पण तोवर मागं दाटीवाटीनं बसलेलं सगळं गाव उजवीकडे सरकलं होतं.