रंगनाथ विसरत नव्हता

रंगनाथ गेला तेव्हा मी घनसावंगीला एका लग्नात माईकवर होतो. मांडवात पाच हजार माणूस होतं... असं मी परवापर्यंत सांगत होतो. पाचशे होतं, आणि त्यातलं निम्मं जेवणाच्या पंगतीकडं तोंड करून. नवरीच्या मामांचं नाव पुकारता पुकारता खिशात फोन थरथरला. डाव्या हातानं कानाला लावला, उजव्या हातात माईक तसाच चालू. पलीकडं रंगनाथचे जावई. "काका, आमचे मामा गेले. सकाळी ड्यूटीला जायला गाडी बाहेर काढली अन् तिथंच खाली बसले." मी म्हणालो, "काय सांगता!" आणि ते 'काय सांगता' चारी कर्ण्यांतून सगळ्या मांडवावर गेलं. लोकांना वाटलं, मामांच्या नावावर मी काही कोटी केली. हशा पिकला. चाळीस वर्षं हशावर पोट भरलेला माणूस मी, पण त्या हशात मी माईक बंद केला. तरी तो सगळ्यात वाईट हशा नव्हे. सगळ्यात वाईट हशा त्याच्या आठ महिने आधी मला तालुक्याच्या कोर्टात मिळाला होता. हे लिहायला बसलो तो त्या हशापायी.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडं. मांडव, कर्णे आणि माझी जीभ, तिन्ही भाड्यानं मिळतात. गाव मला भोंगा म्हणतं, आणि हे नाव रंगनाथनंच तिसरीत ठेवलेलं. त्याचं घर मेंढरावाल्याचं. संध्याकाळी वाड्यात मेंढरं शिरताना बाप एका बाजूला आणि हे पोरगं दुसऱ्या बाजूला उभं राहून मोजायचं. एकदा कळपात लांडगा शिरला. मी शाळेत येऊन सांगितलं, सात लांडगे होते, डोळे कंदिलासारखे, त्यातला एक माझ्याकडं बघून गुरगुरला. वर्ग थिजला. मागून रंगनाथ शांतपणे म्हणाला, "एक लांडगा व्हता. लंगडा. अन् हा भोंगा त्यावेळी बाजेखाली व्हता." पुढं मेंढरं गेली, तो जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत लागला आणि तिथंही त्याच्या वाट्याला मोजणंच आलं. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, दिवस भरले की उलगडून बघायचं, किती उगवले. पेरणीच्या आधी गावातले लोक मूठमूठ बियाणं त्याच्या घरी आणून द्यायचे. तो ओल्या गोणपाटात बांधून ठेवायचा आणि आठवड्यानं सांगायचा, "एकाहत्तर." कोणी म्हटलं, "म्हणजे सत्तर-पंचाहत्तर धरा की," तर तो म्हणायचा, "पंचाहत्तर धरलं म्हणून वरचे चार उगवणार हायेत का?"

अशा माणसाच्या आणि माझ्यासारख्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट घडावी, हा नशिबाचा खेळ. आमच्या सोसायटीची निवडणूक होती. सोसायटीचे चेअरमन नाना. बावीस वर्षं खुर्चीवर. प्रचारात मीच त्यांना कर्ण्यावरून 'तालुक्याचा ढाण्या वाघ' म्हटलं होतं, कारण सुपारी त्यांची होती. मतमोजणी शाळेच्या खोलीत. रंगनाथ समोरच्या पॅनेलचा प्रतिनिधी म्हणून आत, आणि मी खिडकीबाहेर स्टुलावर, आतून आलेला आकडा बाहेरच्या गर्दीला सांगायला. शेवटच्या फेरीत नाना चौदा मतांनी मागं पडले. फेरमोजणी मागितली, ती मिळाली. गठ्ठे पुन्हा टेबलावर आले. त्या गडबडीत नानांनी पाण्याचा जग उचलला आणि समोरच्या पॅनेलच्या एका गठ्ठ्यावर उपडा केला. बोलले काही नाही. शिक्के फाकले, कागद चिकटले, अधिकारी घाबरला आणि त्यानं ती मतं बाद धरली. संध्याकाळी नाना निवडून आले आणि गुलाल उधळताना कर्ण्यावर आवाज माझाच होता.

ती निवडणूक नंतर रद्द झाली. दुसरी झाली, तिच्यात नाना सपाटून पडले आणि माजी झाले. गावाला वाटलं, मिटलं. पण रंगनाथनं पोलिसात तक्रार दिली होती, त्याचा फौजदारी खटला उभा राहिला. मग उत्तमच्या हॉटेलात जो वाद सुरू झाला तो तीन वर्षं उकळतच होता. उत्तम चहा गाळता गाळता म्हणायचा, "पडला ना म्हातारा? खुर्ची गेली, मान गेला. आता अजून काय, जेलात घालता व्हय? गावात बंधारा कोणी आणला? नानानंच ना?" दुसरं कोणी म्हणायचं, "आज ह्यांनी नानावर केस केली, उद्या नानाची पोरं निवडून येतील अन् तुमच्यावर करतील. मंग गावानं काय कोर्टातच पेरणी करायची?" खोटं कशाला बोलू, मला दोन्ही बाजू पटायच्या. ज्या बाकड्यावर बसेन त्या बाकड्याचं मी बोलायचो. रंगनाथ कामावरून येऊन गाडी लावायचा, अर्धा चहा घ्यायचा. एकदाच तो सलग बोलला. "उत्तमराव, बंधाऱ्याचं पाणी मीबी पितो. त्या दिवशी नाना सरळ पडले असते तर मी स्वतः हार घेऊन गेलो असतो. बावीस वर्षं राबलेला माणूस हाय. पण त्या गठ्ठ्यात पन्नास लोकांची मतं व्हती. कोणी दवाखान्यातून येऊन दिलेलं, कोणी रोज बुडवून. त्ये मोठ्या माणसानं पुसलं म्हणून सोडून द्यायचं, तर मंग लहान माणसानं मत द्यायला यायचंच काहून?" हॉटेल गप्प झालं. मला गप्प बसलेलं हॉटेल सहन होत नाही. मी म्हणालो, "अरे, जग कसला, नानानं टँकर लावला होता! मतं पार नदीला मिळाली!" सगळे खदखदून हसले, आणि रंगनाथचं बोलणं त्या हशात वाहून गेलं.

तिथून मला त्या प्रसंगाची चटक लागली. दर लग्नात, दर बारशात, माईक तापला की मी तो किस्सा सांगायचो. त्यात मी नानांच्या तोंडी एक वाक्य घातलं. जग उपडा करून नाना मिशीवर ताव देतात आणि गरजतात, "घ्या, आता मोजा पाण्यात!" काय वाक्य होतं! लोक बाकडी बडवायचे. दीड-दोन वर्षं ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की नानांचा आवाज मला खरंच ऐकू यायला लागला.

खटल्यात साक्षीदार गळत गेले. अधिकारी म्हणाला, त्या वेळी मी शिपायाशी बोलत होतो. बाकीचे म्हणाले, गर्दी होती. उरलो दोघं, रंगनाथ आणि मी. तारखेच्या दिवशी जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. म्हणाला, "भोंग्या, जेवढं दिसलं तेवढंच सांग. बिलकुल जास्त नको." मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास न्हाई का?" तो बाहेर बघत म्हणाला, "हाय म्हणून तर तुझं नाव दिलं."

त्याची साक्ष आधी झाली. दहा मिनिटांत. नानांच्या वकिलानं विचारलं, माझे अशील काही बोलले का? रंगनाथ म्हणाला, "न्हाई. काहीच बोलले न्हाईत." मग मला पुकारलं. खोलीत गावातली साठेक माणसं, मागं दारातही उभी. आणि मला काय सुचावं... मला तो मांडव वाटला. वकील गोड माणूस. म्हणाला, "तुम्ही तर नामांकित निवेदक. जरा तुमच्या शैलीत सांगा, काय झालं." आणि मी सांगितलं. माझ्या शैलीत. हात उंचावून, आवाज चढवून, "घ्या, आता मोजा पाण्यात!" खोली हसली. न्यायाधीशांनी टेबलावर पेन आपटलं तेव्हा कुठं थांबली. वकील मात्र हसला नाही. त्यानं वळून शांतपणे विचारलं, "आताच तुमचे मित्र शपथेवर म्हणाले, माझे अशील काहीच बोलले नाहीत. तुम्ही म्हणता, बोलले. दोघांपैकी खोटं कोण?"

या ठिकाणी मला एक वाक्य बोलायचं होतं. 'ते वाक्य मी बनवलंय, साहेब, बाकी सगळं खरं आहे.' एवढंच. पण साठ माणसं माझ्याकडं बघत होती आणि अजून त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी म्हणालो, "खोटं कोणी नाही, साहेब. रंगनाथ आजकाल जरा विसरतो." पुन्हा हशा. हा तो हशा. रंगनाथ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. बाहीचं बटण नीट लावलेलं होतं, ते काढून परत लावलं.

नाना सुटले. दोन साक्षीदार एकमेकांना छेद देतात, एकाला नीट आठवत नाही, म्हणून संशयाचा फायदा. गावात लोक म्हणाले, भोंग्यानं पैसे खाल्ले. खाल्ले असते तर बरं झालं असतं, निदान कारण तरी मोठं राहिलं असतं. मी दोन वेळच्या हशासाठी ते केलं. परतीच्या जीपमध्ये रंगनाथ एवढंच म्हणाला, "मी विसरत न्हाई, भोंग्या." मी काहीतरी पाचकळ बोललो. नंतरच्या आठ महिन्यांत त्यानं मला टाळलं असंही नाही, हॉटेलात दिसला की हात वर करायचा. फरक एवढाच, की मी गप्पा रंगवताना तो पूर्वी मागून 'एक लांडगा, लंगडा' असं जे दुरुस्त करायचा, ते त्यानं सोडून दिलं. मी कितीही फेकलं तरी तो ऐकून घ्यायचा. त्या मोकळीकीनं मला जितकं जाळलं तितकं शिव्यांनी जाळलं नसतं. पण माफी मागायला मी गेलो नाही. आज जाऊ, दिवाळी झाल्यावर जाऊ, लग्नसराई संपल्यावर जाऊ...

आमच्याकडं चिता पेटली की जमलेल्यांपैकी कोणीतरी चार शब्द बोलायची पद्धत आहे. एरवी पंचक्रोशीतल्या मेलेल्यांवर मीच बोलतो. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी मान खाली घातली. तेव्हा नाना पुढं झाले. काठी टेकत, हात जोडून. म्हणाले, "रंगनाथ आपला माणूस. साधा, सरळ. माझ्यावर त्यानं केस केली, पण माझ्या मनात काही न्हाई. शेवटी शेवटी बिचाऱ्याला जरा विस्मरण झाल्तं." लोकांनी माना डोलावल्या. कोणी हसलं नाही, कोणाला खटकलं नाही. माझं बनवलेलं वाक्य आता त्या माणसाच्या राखेवर ठेवलं जात होतं आणि गाव ते खरं म्हणून घरी नेत होतं. मी तिथं ओरडायला हवं होतं. माझ्या घशाला त्या दिवशी कर्णा लागला नसता. मी ओरडलो नाही.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. कौसावहिनी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, जिथं तो कामावरून आल्यावर बसायचा. खिडकीशी एक खुर्ची, समोर पत्र्याची पेटी, पेटीवर त्याचा चष्मा. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर. त्यात रोजच्या तारखेखाली त्यानं बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं: 'उत्तम, सोयाबीन, ८३.' 'सकाळी पाऊस, पाऊण तास.' गेला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत एकही चौकोन रिकामा नाही. मी त्याच्यासमोर उभा राहून महिनेच्या महिने वाचत गेलो. कोर्टाच्या तारखेखाली लिहिलं होतं, 'साक्ष झाली. दोघांची.' बाकी काही नाही.

मी खाली बसलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी शाळेत काय झालं ते तुम्हाला सांगायचंय." त्या म्हणाल्या, "सांगा की, भाऊजी." मी सांगितलं. फेरमोजणी लागली. गठ्ठे टेबलावर होते. नानांनी पाण्याचा जग उचलला, एका गठ्ठ्यावर ओतला. बोलले काही नाहीत. आणि कोर्टात रंगनाथ विसरतो म्हणालो ते खोटं होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट, हातातला चहा निवायच्या आधी संपली.

वहिनी म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"त्येबी एवढंच सांगायचे." त्यांनी चष्मा उचलला, पदरानं पुसला, परत पेटीवर ठेवला. "मी म्हणायचे, तुम्हाला नीट दिसलं नसंल, भाऊजी तर केवढं सांगतेत. कोर्टाहून आले त्या रात्रीबी मी म्हणले, खरंच विसरत असाल तुम्ही, एकदा डॉक्टरला दाखवू... घरात मीच, भाऊजी. मी बी तुमचंच खरं धरलं व्हतं."