स्टेपनीखालचं पाणी

आमच्या घरात भूतखेत, नवस, अंगात येणं वगैरे मंडळींना प्रवेश नाही. बाबांनीच तो बंद केला होता. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं, की म्हणायचे, "त्यालाही ऑफिसला उशीर झाला असेल, जाऊ दे." तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो.

आम्ही वर्ध्याकडचे. बाबा सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आले, पुढे मीही सरकारी नोकरीतच लागलो. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आई, बाबा, मी, बायको आणि मुलगी.

आधी कॅनबद्दल सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्या गाडीच्या डिकीत बाबांची पाच लिटरची पांढरी कॅन कायम असायची. वर्षातून एकदा गावी गेलो की परतताना बाबा ती गावच्या विहिरीवर भरायचे. लोखंडी कप्पी अशी करकरायची की दात शिवशिवायचे, पण दोराला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. याच विहिरीवर माझ्या आजीला दोर टाकायची बंदी होती. वरच्या जातीतलं कुणी येऊन ओतेल तेव्हा तिची घागर भरायची. दिल्लीत पोचलो की सामान उतरवण्याआधी प्रत्येकाने त्यातला एक घोट घ्यायचा, असा बाबांचा नियम. उरलेलं पाणी डिकीतच राहायचं.

"आजोबा यार, पानी ही तो है," माझी मुलगी म्हणायची.

"बिल्कुल. पाणीच आहे," बाबा म्हणायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी गाडी साफ केली. सहा महिन्यांचं शिळं पाणी, कोण पिणार? क्वार्टरसमोरच्या जांभळाच्या बुंध्याशी ओतलं आणि कॅन कबाडीवाल्याला दिली. महिन्याभरात बाबा हॉस्पिटलमध्ये. शेवटच्या दुपारी ते मला म्हणाले, "डिकीतलं पाणी आण." मी खाली गेलो, पार्किंगमध्ये पाच मिनिटं नुसता उभा राहिलो, आणि कॅन्टीनच्या कूलरमधून ग्लास भरून वर नेला. "गावचंच आहे," म्हणालो. बाबांनी तो ओठांना लावला, माझ्याकडे पाहिलं आणि परत दिला. "राहू दे," एवढंच म्हणाले.

मरणाऱ्या बापाशी खोटं बोललो. याची लाज मला रोज वाटत होती, आणि आईलासुद्धा सांगायची हिंमत होत नव्हती.

मे महिन्यात गाडीत कुबट वास यायला लागला. डिकीतलं कार्पेट उचललं, स्टेपनी बाहेर काढली, तर खालच्या खड्ड्यात चार-पाच लिटर पाणी! दिल्लीतला मे... गरम वाऱ्याची लू चाललेली, पावसाचा थेंब नाही. पुसून घेतलं. आठवड्याने पुन्हा तेवढंच.

शेवटी एका रविवारी सकाळी मुनिरकाला इक्बालभाई मेकॅनिककडे गाडी नेली. त्यांनी स्टेपनी काढून खड्डा पुसला, टेललाइटचे रबर पाहिले, खड्ड्याच्या तळाचं बूच काढून पुन्हा बसवलं, वर फळी ठेवली. सगळं ठीक. मग डिकीच्या कडेच्या रबरी बीडिंगवर आणि आत चहूबाजूंनी टाल्कम पावडर मारली. "पानी जहाँ से घुसेगा, लकीर छोड़ेगा. आप अंदर बैठो टॉर्च लेके, मैं बाहर से पाइप मारता हूँ."

तर पन्नाशीचा सेक्शन ऑफिसर, गुडघे हनुवटीला लावून, भर अकरा वाजता स्वतःच्याच गाडीच्या डिकीत बंद. वर पाण्याचा धडधड आवाज सुरू झाला. मी टॉर्च फिरवत होतो — पावडर कोरडी. थोड्या वेळाने वरचा आवाज थांबला.

आणि मग खालून आवाज आला. करकर... करकर... कप्पीचा. तो ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नाही, लहानपणापासून ऐकलाय. माझ्या खाली फक्त एक फळी, तिच्याखाली दोन वीत खड्डा आणि मग रस्ता. पण आवाज कितीतरी खोलवरून येत होता. मग बादली पाण्याला टेकल्याचा डुबुक असा आवाज. मी घाबरलो, दोन्ही हातांनी झाकण बडवायला लागलो.

इक्बालभाईंनी उघडलं. "क्या हुआ सर? पाइप तो कब का बंद है." त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. पावडरवर एकही ओघळ नव्हता. फळी उचलली, तर मघाशी त्यांनी स्वतः पुसलेल्या खड्ड्यात पाणी. त्या उन्हात गारेगार. त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला, मग डिकीतल्या काळ्या रबरी मॅटवर पडलेले आधीचे वाळलेले थेंब निरखत राहिले.

"ये यहाँ का पानी नहीं है. हमारा पानी सूखता है तो सफ़ेद दाग़ छोड़ता है, इसमें वो दाग़ नहीं." आणि त्यांनी डिकी हळूच बंद केली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. जांभूळ, कबाडीवाला, कूलरचा ग्लास. सांगताना रडलो. आई दूध संपलंय म्हणावं इतक्या साधेपणाने म्हणाली, "मग आणून दे ना त्यांना. त्यात काय एवढं?"

जूनमध्ये आई आणि मी गावी गेलो. दोर मी स्वतः ओढला, तळहात सोलले. नवी कॅन काठोकाठ भरली, झाकण आवळलं, वरून टेप गुंडाळली. शिवाय स्वभाव जात नाही — तिच्याभोवती डिकीभर पावडरही मारली.

क्वार्टरखाली डिकी उघडली. पावडर जशीच्या तशी. कार्पेट कोरडं. टेप शाबूत. कॅन मात्र वरून थोडी रिकामी. मी घरून स्टीलचा ग्लास आणला, दुसरी तशीच कॅन नळाच्या पाण्याने त्याच पातळीपर्यंत भरली आणि काठोकाठ व्हायला किती लागतं ते ओतून पाहिलं. बरोबर एक ग्लास कमी होतं.

उन्हाने उडालं असेल, प्लास्टिक फुगलं असेल... सगळं स्वतःला सांगून झालंय. डिकी मात्र तेव्हापासून कोरडी आहे.

त्या दिवशी सामान उतरवण्याआधी आईने प्रत्येकाला एकेक घोट दिला. मुलगीही गुपचूप प्यायली.

"बाबांचा बाजूला काढून ठेवू?" मी विचारलं.

आई झाकण लावत होती. "कशाला?" ती म्हणाली. "त्यांनी घेतला ना वाटेत."