अंतराच्या पाठीचं माप

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चार मिनिटांवर अण्णांचं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. वॉकर, कुबड्या, शेकायच्या पिशव्या आणि कमरेचे पट्टे. काउंटरवर अण्णा बसतात आणि मागे निळ्या पडद्याआड मालन असते. बायका पट्ट्यासाठी येतात त्या अण्णांकडे नाही, मालनकडे येतात, हे अण्णांनाही ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. गल्ला तर त्यांच्याकडेच असतो.

बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत मालनने मनातल्या मनात तिची साईज काढलेली असते. काही बायका आल्या आल्या सांगतात, "मीडियम द्या, पुढच्या महिन्यात मी वजन कमी करणार आहे." अशांना मालन मुकाट्याने लार्ज बांधते आणि खोक्यावरचं लेबल दिसू देत नाही. श्वास सोडा म्हणते, पट्टा ओढते, दोन बोटं आत सरकवून बघते. आजवर तिने बांधलेला पट्टा कुणी बदलून मागितलेला नाही. बावन्न वर्षांच्या या बाईला कुणी शिकवलं म्हणाल, तर तिच्या मुलीच्या पाठीने.

अंतरा बारा वर्षांची होती. शाळेच्या गणवेशाचा एक खांदा खाली उतरायचा. मालनला वाटलं, शिंप्याने वाट लावली. दोनदा जाऊन त्याच्याशी भांडून आली, तिसऱ्यांदा त्या बिचाऱ्याने टेप लावून दाखवला आणि म्हणाला, "बाई, कपडा सरळ आहे. पोरीला दाखवा कुणाला तरी." ठाण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. कणा एका बाजूला वाकला होता. ऑपरेशन नको, पण प्लास्टिकचा ब्रेस घालायचा, दिवसाचे बावीस तास, वाढ पूर्ण होईपर्यंत. म्हणजे तीन वर्षं.

त्या ब्रेसचे पट्टे मागे होते. घालणारीचा हात तिथे पोचत नसे. म्हणून सकाळ-संध्याकाळ मालन मागे उभी राहायची, गुडघा लावायची आणि ओढायची. आत घालायचे सुती बनियन घ्यायला ती अण्णांकडे जायची. एकदा अंतरा बरोबर होती आणि दुकानातच तिचा पट्टा सैल झाला, तो मालनने उभ्या उभ्या बसवला, ते अण्णांनी पाहिलं. "माझ्याकडे याल का कामाला?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून ती पडद्यामागे आहे.

पंधराव्या वर्षी ब्रेस सुटला. कणा पुरता सरळ झाला नाही, पण वाकायचा थांबला, आणि डॉक्टर खूश झाले. त्या दिवसापासून अंतराने आईला पाठीला हात लावू दिला नाही. भांडण नाही, रुसवा नाही. न्हायच्या दिवशी तेल स्वतःच लावायची. ड्रेसची चेन मागे असली तर शेजारच्या योगिनीला हाक मारायची, आई समोर उभी असली तरी. मालनने ते पाहिलं आणि गिळलं. डोंबिवलीतल्या निम्म्या बायकांच्या पाठींवरून तिचा हात फिरला होता. घरातली एक पाठ मात्र तिला बंद होती.

अंतरा आता सव्वीस वर्षांची आहे, ठाण्याच्या एका ऑफिसात नोकरी करते. गेल्या जानेवारीत ती जेवताना म्हणाली, "मी ना, गुलमर्गला चाललेय. आठ दिवस. स्कीइंग शिकायला."

"म्हणजे ते बर्फावरून घसरतात ते?"

"हो. डॉक्टरांना विचारून आलेय मी. जा म्हणाले. बिनधास्त जा म्हणाले."

अंतराचे वडील सुशांत अंबरनाथच्या कंपनीत आहेत आणि मायलेकींचं काही सुरू झालं की पेपर उलटा धरूनही वाचू शकतात. त्यांनी पेपर उचलला. पण मालन भांडली नाही, उठून फ्रिजपाशी गेली. फ्रिजवर अंतराने सामानाची यादी लावली होती. हातमोजे, गॉगल, हेल्मेट तिकडेच भाड्याने. आणि शेवटी, बॅक प्रोटेक्टर, हवा असल्यास स्वतःचा. त्यापुढे पोरीने स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केलेली होती. मालनने ती वाचली आणि तिला एकदम हायसं वाटलं. बॅकचं म्हणजे आपल्याच खात्यातलं.

दुसऱ्या दिवशी तिने अण्णांच्या दुकानातला सगळ्यात चांगला ब्रेस घरी आणला. पाठीला दोन स्टीलच्या पट्ट्या, खांद्यावरून बंद, पोटाशी रुंद पट्टा. मणका मोडलेल्यांना देतात तो. अंतराच्या कॉटवर नीट घडी उलगडून ठेवला.

अंतरा घरी आली. दारातच थांबली.

"हे काय आहे?"

"तुझ्या यादीतलं. यातला नंबर एक आहे हा. यात पाठ हलणारच नाही."

अंतराचा चेहरा बारा वर्षांचा झाला. ती आवाज न चढवता म्हणाली, "आई, मी तुझी पेशंट नाहीये." मग तिने फ्रिजपाशी जाऊन पेन घेतलं आणि यादीतल्या शेवटच्या ओळीवर काट मारली. "पाठीवर काहीच नको मला. मी अशीच जाणार."

आणि अंतरा बोलली की करते. मालनला तिथल्या तिथे कळलं, आपण काय करून बसलो. पोर स्वतःहून पाठ झाकणार होती. आपण मध्ये गेलो आणि आता ती उघड्या पाठीने बर्फात जाणार.

सोमवारी अण्णांचं दुकान बंद असतं. मालन एकटीच ठाण्याला उतरली आणि विचारत विचारत माजिवड्याच्या एका दुकानात पोचली. बाइकवाल्यांची जाकिटं, हेल्मेटं, हातमोजे. काउंटरवर हर्षित नावाचा तरुण होता. पंजाबी ड्रेसमधल्या, खांद्यावर जेवणाच्या डब्याची पिशवी असलेल्या काकू बघून तो म्हणाला, "काकू, हेल्मेट बघताय का? काकांसाठी?"

"पाठीचं दाखव. स्कीइंगला चालेल असं."

हर्षितने तीन प्रकार पुढे ठेवले. एक कासवाच्या पाठीसारखा, कडक तुकड्यांचा. एक जाड फोमचा, कमरेला रुंद पट्टा. आणि एक पातळ, बिनबाह्यांच्या जाकिटासारखा, पाठीत फोम शिवलेला आणि पुढे चेन. मालनने प्रत्येकाला दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, उलटा करून शिवण बघितली. मग तिने तोंड वाकडं केलं.

"हे तर वाकतंय. पाठ धरणार कशी यात?"

"धरतच नाही ना काकू. हा सपोर्ट नाहीये. उलट माणसाला वाकता आलं पाहिजे, नाहीतर तो आणखी पडेल. पडलात, दगड-बिगड लागला, तर मार हा खातो. बस, तेवढंच काम." त्याने फोमवर बुक्की मारून दाखवली. "लेव्हल टू जाड, जास्त मार खातो. लेव्हल वन हलका. नवशिक्यांच्या स्लोपला वनपण चालतो. पण मणका पिळला, मुरडला, तर यातला कुठलाच काही करत नाही. खोटं कशाला बोलू?"

चौदा वर्षं पट्टे बांधलेल्या बाईला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. तिला पोरगा आवडला. "लहानातला काढ," ती म्हणाली. "कंबर अठ्ठावीस आहे तिची."

"कमरेवर नसते साईज. पाठीची लांबी सांगा. खांद्यापासून कमरेपर्यंत."

मालनला आठवत होतं ते चौदाव्या वर्षीचं माप, अडतीस सेंटिमीटर. तेव्हा अंतराच्या अंगाचा कुठलाही आकडा झोपेत विचारला असता तरी तिने सांगितला असता. त्यानंतरचं तिला काहीच माहीत नव्हतं. दुकानात उभ्या उभ्या तिचे डोळे भरून आले, आणि हर्षित बिचारा गडबडून पाणी आणायला धावला.

तिने काही घेतलं नाही. पट्टा विकत घेणं आणि पट्टा वापरणं यातलं अंतर तिला धंद्यामुळे चांगलं माहीत होतं. जबरदस्तीने दिलेले पट्टे कपाटात साड्यांखाली झोपतात.

शनिवारी सकाळी ती कडवे वाल सोलायला बसली होती. अंतरा चहा घेऊन समोर येऊन बसली, मूठभर वाल पुढ्यात ओढून सोलू लागली. मालनने वर न बघता बोलायला सुरुवात केली.

"तो ब्रेस परत दिला मी. चुकीचाच होता तो. ठाण्याला जाऊन विचारून आले."

"तू ठाण्याला गेलेलीस?"

"हो. आणि दुसरंही एक चुकलंय माझं. तेव्हाचं." तिचा हात थांबला. "डॉक्टरांनी पट्ट्यावर पेनाने खूण केलेली. इथपर्यंतच ओढा म्हणून. मी पुढे ओढायचे. रोज, बोटभर. मला वाटायचं, तू लवकर सरळ होशील, लवकर सुटशील त्यातून. तुला दुखत असणार, ते कळत होतं मला. तरी ओढायचे."

अंतराने हातातला वाल सोलून वाटीत टाकला. "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"आंघोळीला काढायचीस तेव्हा दिसायचं ना. खूण एकीकडे आणि पट्ट्याला वळ पडलाय दुसरीकडे."

"मग बोलली का नाहीस गं? डॉक्टरांना तरी सांगायचंस."

अंतराने पुढचा वाल उचलला. "तू ओढताना रडायचीस. तुला वाटायचं, मागे उभी आहे तर मला कळत नाही. माझ्या मानेवर पडायचं ते. मी बोलले असते तर तू आणखी रडली असतीस."

मालनने पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, पोर आपल्यावर रागावलीय. राग होताच, तो काही खोटा नव्हता. पण त्या रागाखाली बारा वर्षांची पोर आईला सांभाळत बसली होती, हे तिला आज कळत होतं. ती हुंदके देऊन रडली. अंतराने तिला रडू दिलं, आणि तेवढ्या वेळात उरलेले वाल सोलून टाकले.

"चल, उद्या जाऊ त्या दुकानात," ती शेवटी म्हणाली. "घेईन म्हणत नाही. बघू."

रविवारी दुपारची सुट्टी घेऊन मालन निघाली. दुकानात हर्षितने टेप काढला आणि मालनच्या हातात दिला. "काकू, तुम्हीच घ्या माप."

मालन टेप धरून उभी राहिली. पुढे झाली नाही. अंतराने तिच्याकडे पाहिलं, मग टेपकडे पाहिलं. मग तिने दोन्ही हातांनी केस पुढे घेतले आणि पाठ फिरवली.

मानेखालचं हाड मालनच्या बोटाला आपसूक सापडलं. उजवीकडची फासळी अजून किंचित वर होती. टेप कमरेपर्यंत उतरला. "बेचाळीस," ती म्हणाली. आकडा तिने दोनदा तपासला.

अंतराने तीनही घालून पाहिले. मग तिने विचारलं, "तू कुठला घेतला असतास?"

मालनने प्रामाणिकपणे कडक, कासवासारख्याकडे बोट दाखवलं.

"आणि मी कुठला घालीन असं वाटतं तुला?"

मालनने पातळ जाकिटाकडे बोट दाखवलं.

"मग?"

"मग तोच. घातलेला बरा."

अंतराने तो चढवला आणि पुढची चेन स्वतःच्या हाताने वर ओढली. मालनने दोन्ही हात मागे धरून ठेवले होते. हर्षितने एक हेल्मेट आणून दिलं. ते घालून अंतराने मान वर केली, तशी जाकिटाची वरची कड हेल्मेटला टेकली. मालन काही बोलणार इतक्यात अंतराच म्हणाली, "आई, हे लागतंय का बघ." मालनने पाहिलं आणि एक साईज लहान मागितली. ती बरोबर बसली. खाली माकडहाडापर्यंत येत होती, वर मानेला मोकळी होती. अंतरा वाकली, पायाच्या अंगठ्यांना हात लावले, उकिडवी बसली आणि उठली.

"पहिल्या दिवशी तिकडे फक्त पडायला शिकवतात," ती म्हणाली. "पुढे नाही पडायचं, बाजूला पडायचं. दाखवू?"

आणि हो-नाही म्हणायच्या आत तिने गुडघे वाकवले आणि दुकानातल्या रबरी चटईवर धपकन अंग टाकलं. मालनचे हात मागून सुटले आणि पुढे आले. अर्ध्यात तिने ते आवरले. अंतरा चटईवर आडवी पडून हसत होती, हेल्मेट डोळ्यांवर आलं होतं, आणि उठायची तिला काही घाई नव्हती.

"लागलं?" मालनने विचारलं.

"नाही गं."

मालन तिच्याकडे बघत राहिली. मग ती दोन पावलं मागे सरकली आणि पोरीला जागा करून दिली.

"ही डावी बाजू झाली," ती म्हणाली. "आता उजवीकडे पडून दाखव."