पाथर्डीला जाणारा डबा

सुशीला गेल्याचं दवाखान्याच्या आयाबाईंनी सांगितलं, तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. सकाळी तर तिच्या खोलीत बसून आम्ही दोघींनी बिस्किटं केली होती... दुपारी वॉर्डात उभी असतानाच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. आता काही आठवडे लोटले. दुःख ओसरतं म्हणतात. माझं ओसरेल तेव्हा ओसरेल, पण राग जसाच्या तसा आहे आणि तो मला लपवायचाही नाही.

बेलापुरात दवाखान्यामागच्या चाळीत आम्ही शेजारी. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स, मी शाळेत मास्तरीण. ऐन विशीत तिचा नवरा गेला. भावाच्या घरात कोपरा धरून बसायला तिनं नकार दिला आणि ती नर्सिंग शिकली, एवढाच तिचा गुन्हा. पाथर्डीकडचं माहेर तेव्हापासून तुटलं. धर्म तिनं बदलला नव्हता, खोलीत देव होते. पण विचारतो कोण!

दवाखान्यातल्या इटालियन सिस्टर मायदेशी परतताना तिला एक लोखंडी साचा देऊन गेल्या. लांब दांड्यांचा चिमटाच तो, टोकाला दोन नक्षीदार चकत्या. शेगडीवर तापवायचा, मधे कोको घातलेलं चमचाभर पीठ सोडायचं, दाबायचं, उलटायचं. पातळ, जाळीदार, कुरकुरीत बिस्कीट निघायचं. पहिलं चिकटायचंच, ते ती माझ्या तोंडात कोंबायची. सिस्टर अंडी घालायच्या. सुशीलानं दही आणि लोण्यावर खटपट करकरून अंड्यावाचून जमवलं. का, तर भावाकडे अंडं चालत नाही! दुष्काळात रेशनची साखर या बिस्किटांसाठी राखून ठेवायची आणि स्वतः गुळाचा चहा प्यायची. मी चिडायचे. "भाऊबीजेला बोलावत नाहीत, आणि तू त्यांचं सोवळं सांभाळतेस?"

"अगं, डबा भरून येतो ना? म्हणजे पोरं खातात," ती म्हणायची.

दर दिवाळीला डबा एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाथर्डीला जायचा आणि शेव-लाडवांनी भरून परत यायचा. त्या भरलेल्या डब्यावर ही बाई वर्ष काढायची.

भाऊ आणि वहिनी आले ते थेट दहाव्याला. भाऊ रडला. मला बरं वाटलं. फळीवरून डबा काढून मी म्हटलं, "दादा, शेवटच्या दिवशी तुमच्यासाठीच केलीत तिनं." त्यानं हात मागे घेतला. वहिनीच बोलली, अगदी सहज.

"बाई, ते आमी घरात घेतच नव्हतो. किरिस्तावांच्या दवाखान्यातलं ते... गव्हाणीत टाकायचो. पन डबा राखंनं घासून, भरून धाडायचो हां. रिकामा कसा धाडायचा?"

म्हणजे बहीण टाकली, पण रीत टाकली नाही! अन्न बैलांपुढे आणि डबा मात्र भरलेला... माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आज तरी एक खा," मी भावावर ओरडलेच. तो बायकोकडे बघत राहिला.

मी डबा उचलला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या पेशंटांच्या नातलगांना बिस्किटं वाटून टाकली. एक म्हातारी म्हणाली, "लई ग्वाड हाय गं. कुनी केलं?" सुशीलाचं नाव मी मोठ्यानं सांगितलं, चाळीपर्यंत ऐकू जाईल असं.

परत येऊन डबा वहिनीच्या हातात ठेवला. ती चपापली. "रिकामाच?"

"रिकामाच," मी म्हटलं.

सुशीला असती तर माझ्यावर भडकली असती. भडकू दे.