मुलाच्या वडिलांची फर्माईश

परवा लातूरच्या एका हॉटेलात मसाला पापड समोर आला. कच्चा कांदा, लिंबू आणि तळणीचा तो वास नाकात शिरला आणि मी नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या छोट्या बारमध्ये जाऊन पोचले.

तिथं दर शनिवारी संध्याकाळी आमचा बँड वाजायचा. माझा सख्खा भाऊ संजूदादा ढोलकीवर, त्याचा मित्र कीबोर्डवर आणि गायला मी. जयंतीच्या मंडपात भीमगीतं म्हणून माझा गळा तयार झालेला. एका शनिवारी समोरच्या टेबलावर हिमायतनगरचे एक गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या मुलाशी माझं लग्न ठरत आलं होतं. त्यांना बघून मी एक ओळच विसरले. पण गाणं संपल्यावर पहिल्या टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

"पोरी, लई गोड गळा हाय तुझा. अजून एक होऊ दे!"

मी हरखून गात राहिले. सासर मिळावं तर असं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बारमध्ये गाणारी पोरगी त्यांना घरात नको होती.

फोन ठेवून दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तू येऊ नको."

"आन तू?"

"मला कोण काय म्हणून राहिलंय?"

तेव्हा मला त्या माणसाचा राग आला होता. आता वाटतं, तो तर परकाच होता. दादा पुढेही तिथं वाजवत राहिला. शनिवारी घरात त्याची ढोलकी ऐकू यायची आणि तिच्या साथीनं कुण्या दुसऱ्याच मुलीचा आवाज.