चार पाट

निलंग्याकडच्या आमच्या गावात जमिनीतून आवाज येतो. सुरुंग उडाल्यासारखा, एकदाच. भांडी हलतात आणि सगळं गप्प होतं. साहेब लोक यंत्र ठेवून गेले, घाबरू नका म्हणाले. भूकंपाच्या साली ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, त्यांना हे सांगून काय उपयोग? आवाज झाला की आम्ही हातातलं टाकून बाहेर पळतो आणि मग अंगणात डोकी मोजतो.

नात नऊ वर्षांची असताना तिच्या पापण्या जांभळ्या झाल्या, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठले. पुढं तिला जमिनीवरून उठणं जड जाऊ लागलं. पालथी व्हायची, गुडघ्यांवर यायची, मग मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहायची. शेजारीण म्हणाली, "बाहेरचं हाय. लिंबू उतरून टाका." मी टाकलं. काही झालं नाही. काही दिवसांनी तसंही उठता येईना.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोगाशी लढणारी अंगातली ताकदच तिच्या स्नायूंवर उलटली आहे, तिथं सूज आहे. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पोरीचं तोंड फुगलं. मग त्यांनी व्यायामाच्या बाईंकडं पाठवलं. बाई म्हणाल्या, चार पाट एकावर एक ठेवून तिला बसवा, हात न टेकता उठू द्या. जमलं की एक पाट काढा.

"दुखऱ्या पोरीला उठाबशा? शाळेत शिक्षा देतेत तशा?" मी म्हणाले.

"आजी, नुसतं निजवून ठेवलं तर आहे ती ताकदही जाईल."

मी घरी येऊन पाट माळ्यावर टाकले. आजारी माणसानं पडून राहावं, एवढंच मला ठाऊक होतं. पोरीला मीच उचलायची, मीच निजवायची.

एका दुपारी आवाज झाला. आम्ही पळालो. अंगणात मोजलं: मुलगा, सून, मी. तीनच.

"पोरगी कुठंय?" मुलानं विचारलं. "रोज तूच उचलतीस ना!"

मला वाटलं होतं, त्यानं घेतलं असेल. दार उघडं होतं, आत अंधार. रडणं नाही, हाक नाही. त्या दाराकडं बघत आम्ही तिघं क्षणभर तसेच उभे राहिलो. ते मी विसरलेले नाही.

आत ती जमिनीला गाल लावून पडली होती. "अजून गुरगुरतंय, आजी," ती म्हणाली. "तुला ऐकू येत न्हाई का?"

त्याच दिवशी मी पाट खाली काढले.

उन्हानं चट्टे वाढतात, म्हणून पडवीच्या सावलीत बसवायची. दहा वेळा उठायचं, मी मोजायची. ती रडायची, मी ओरडायची.

"तू उठून दाखव की!" ती एकदा म्हणाली. मी बसले आणि अडकले. पोट धरून हसली कार्टी.

चाराचे तीन पाट व्हायला दीड महिना गेला. दमली की ती जमिनीला कान लावून पडायची.

"काय म्हणतंय?" मी थट्टेनं विचारलं.

"खाली कुणीतरी पाट सरकवायलंय."

परत मी विचारलं नाही.

होळीच्या सुमारास शेवटचा पाट निघाला, पण जमिनीवरून उठताना हात टेकावाच लागे. एका सकाळी मुलगा, सून शेतात होते. मी भाकऱ्या थापत होते, ती कान लावून पडली होती. एकदम बसली. हातांची छातीवर घडी घातली आणि कशालाही न धरता सरळ उभी राहिली. माझ्याकडं न बघता उंबरा ओलांडून अंगणात गेली.

"अगं, मोजायचं राहिलं!"

"आजी, बाहेर ये."

"भाकर करपंल."

"करपू दे. ये."

आवाज लेकराचा वाटला नाही. मी चौकट धरत बाहेर आले. अंगणात काही नव्हतं. शेळी रवंथ करत होती, ती थांबली.

मग जमीन वाजली. आत पाटांची उतरंड कोसळली.

मी मोजायच्या आधीच ती म्हणाली, "दोघी."

भाकरी करपल्याचा वास येत होता. ती पायांखाली बघत उभी होती, हातांची घडी तशीच.