चाळीस बैलजोड्या

आधी माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपेक्षा जास्त काही लिहिलेलं नाही, आईनं तर तेवढंही नाही. मी कॉलेजात गेलो, जपानीच्या वर्गात बसलो आणि आठ दिवस जपानला जाऊन आलो. एवढ्या भांडवलावर लिहायला बसणं म्हणजे एसटीतून एकदा प्रवास केला म्हणून ड्रायव्हिंग शिकवायला निघण्यासारखं आहे. पण यात माझी एक लबाडी आहे, आणि ती माझ्याइतकी नीट दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

मी राधानगरीकडच्या एका गावचा. कोल्हापुरात शाहूपुरीत खोली घेऊन राहतो. सहलीसाठी वर्गातून पाच जणांची निवड झाली, त्यात मी पाचवा. चौथ्यात आणि माझ्यात बरंच अंतर होतं. पण गावाला एवढा तपशील कशाला हवा? एसटी स्टँडवर माझा फ्लेक्स लागला. फोटो बहुतेक आधार कार्डावरचा असावा, डोळे अर्धे मिटलेले होते. खाली लिहिलं होतं, 'जपान गाजवायला निघालेला आमच्या गावचा वाघ'. वाघाला विमानात दोनदा उलटी झाली.

सहलीत एके दिवशी आम्हाला एका लहान गावातल्या संग्रहालयात नेलं. त्या गावच्या वार्षिक सणाचं ते संग्रहालय. संग्रहालय म्हणजे तलवारी आणि पेंढा भरलेले प्राणी, अशी माझी समजूत. इथं एका उंच दालनात मधोमध फक्त एक लाकडी रथ उभा होता. चाकं माझ्या खांद्याला लागतील एवढी, वर कोरीव काम, मध्ये मोठा ढोल. सणाला देव त्यात बसतो, असं आमच्या जपानीच्या मॅडमनी सांगितलं. देवाचा रथ म्हटल्यावर मी दारातच बूट काढले. बाकीचे चौघं तसेच आत गेले, कारण तिथं बूट काढायचे नव्हते. मॅडमनी डोळे मोठे केले तोवर उशीर झाला होता. माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. माहिती सांगायला निळ्या अंगरख्यातले एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी अंगठ्याकडं पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मला की अंगठ्याला, ते कळलं नाही.

आजोबांनी एक बटण दाबलं. भिंतीवर चित्रफीत सुरू झाली. शंभरेक माणसं ओरडत रथ ओढत होती, सगळ्यांत पुढं कपाळाला निळी पट्टी बांधलेला एक तरुण. मी रथाच्या दोराला हात लावून पाहिला. (लावायचा नव्हता. हेही नंतर कळलं.) शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाचा हात दोराकडं आपोआप जातो. आमच्याकडं कासरा महिनाभरात हाताच्या घामानं काळा पडतो. हा दोर नव्या केरसुणीसारखा पिवळाधमक होता. मला वाटलं, काय ही जपानी स्वच्छता, दोरसुद्धा धुऊन ठेवतात.

मग आजोबांनी विचारलं, "तुमच्या गावात असा सण आहे का?"

आहे की. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, गावात कर तोडतात. वेशीत पानांनी गुंफलेला दोर आडवा बांधायचा, तोच कर. मानकऱ्यांनी आपला बैल पळवत आणून तो तोडायचा, मागून सगळ्या गावाचे बैल. हे मी सांगितलं ते खरं होतं. फक्त ते माझ्या लहानपणाचं होतं. आता गावात दोनच घरांत बैल आहेत आणि तेही म्हातारे. गेली काही वर्षं कर तोडतो तो मानकऱ्यांचा ट्रॅक्टर. त्याला शिंगं नाहीत म्हणून बॉनेटला गोंडे बांधतात आणि सायलेन्सर रंगवतात.

"किती बैल?" आजोबांनी विचारलं.

समोर तो रथ. मला सायलेन्सर आठवला. म्हणालो, "चाळीस जोड्या."

मॅडम कोल्हापूर शहरातल्या, त्यांना आमच्या गावचं काय माहीत? तरी भाषांतर करायचं सोडून त्या माझ्याकडं वळल्या. "चाळीस?"

"थोड्या कमीजास्त, मॅडम."

"कमी की जास्त?"

"तुम्ही चाळीसच सांगा."

आजोबांनी अभिप्रायाची वही पुढं केली. मी मराठीत आणि मोडक्या जपानीत चाळीस बैलजोड्या लिहून, खाली गावाचं नाव घालून, लफ्फेदार सही ठोकली.

एप्रिलमध्ये कॉलेजात पत्र आलं. आजोबांना बेंदूर बघायला यायचं होतं. सोबत चित्रण करायला एक जण. मॅडमनी पत्र वर्गात वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. आमच्या भागातला एक मित्र मागच्या बाकावर बसतो. तो तेवढा टाळी न वाजवता कानाशी आला. "वाघा, चाळीस जोड्या कुठनं आणणार? वडगावच्या बैलबाजारातनं?"

एक म्हातारा माणूस समुद्र ओलांडून एक ट्रॅक्टर बघायला येणार, आणि तो माझ्या शब्दावर. बैलांना साथ आली असं कळवावं, हेही मनात आलं. म्हणजे लबाडीला लबाडीचंच ठिगळ. शनिवारी गावी गेलो. वडील, म्हणजे आबा, गोठ्यात वैरण तोडत होते.

"आबा, बेंदराला जपानची माणसं येणार आहेत."

"येऊ द्यात की. पावणं हाईत."

"त्यांना चाळीस बैलजोड्या बघायच्यात."

आबांनी विळा खाली ठेवला. "कुणाच्या?"

"आपल्या गावच्या."

"आनि ह्ये कुणी सांगितलं त्यास्नी?"

म्हैससुद्धा माझ्याकडं बघायला लागली. आई आतून म्हणाली, "त्येनंच की. हितनं दुसरं कोण बोलतंय जपानी?"

"लेका, दोन म्हनायचं हुतंस. चाळीस कशापायी?"

"त्यांचा रथ बघितला आणि ट्रॅक्टर म्हणायची लाज वाटली, आबा."

आबा म्हशीच्या पाठीवर हात फिरवू लागले. मग म्हणाले, "आपली जोडी इकली तवा मला काय हौस आलती? तू कॉलेजला, माझा गुडघा ह्यो असा. वैरण कुणी आणायची? इकली, ट्रॅक्टर सांगितला भाड्यानं, रान नांगरून घेतलं. मला न्हाई लाज वाटली. तुला वाटती व्हय?"

जोडी गेली तेव्हा मी शाहूपुरीत 'हा माझा बैल आहे' हे जपानीत म्हणायला शिकत होतो. हे मी आबांना सांगितलं नाही. इथं सांगतोय.

"खरं काय ते लिव्ह त्यास्नी," आबा म्हणाले. "मग यायचं तर येतील. जेवाण हाय."

पत्र लिहायला चार दिवस लागले. ट्रॅक्टरला जपानीत जवळजवळ ट्रॅक्टरच म्हणतात, त्यामुळं शब्द अडला ही सबबही नव्हती. बैल दोनच घरांत आहेत, कर ट्रॅक्टर तोडतो, मी खोटं बोललो, माफ करा. मॅडमनी एकोणीस चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत देताना एवढंच म्हणाल्या, "कमी की जास्त, विचारलं होतं मी."

उत्तर आलं नाही. बेंदूर आला. आबांनी तरीही अंगण सारवून घेतलं आणि आईला पुरणपोळ्या दोन माणसांच्या जास्त करायला लावल्या. त्या दुसऱ्या दिवशी मीच खाल्ल्या. मानकऱ्यांच्या ट्रॅक्टरनं कर तोडला. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून सायलेन्सर नीट दिसेल असा फोटो काढून संग्रहालयाला पाठवला. त्यालाही उत्तर नाही. आजोबा रागावले, असं मी धरून चाललो. रागवायलाच हवं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशी मॅडमनी मला जिन्यात थांबवलं आणि तिथंच उभ्या उभ्या आजोबांचं पत्र वाचून दाखवलं. उशिराबद्दल त्यांनी आधी माफी मागितली होती. मग लिहिलं होतं, की त्यांनीही मला पूर्ण सांगितलं नव्हतं. त्यांच्या गावातली तरुण माणसं शहरात गेली आणि ओढायला कुणी उरलं नाही, म्हणून रथ निघायचा बंद झाला. मग त्याच्याभोवती संग्रहालय बांधलं. चित्रफितीतला निळ्या पट्टीचा तरुण म्हणजे ते स्वतः. दोर नवीन आणला होता, पण तो एकदाही ओढला गेला नव्हता. चाळीस जोड्या वाचून त्यांना वाटलं, हे लोक अजून कसं जमवतात ते एकदा जाऊन विचारावं. आणि ट्रॅक्टरचं वाचल्यावर, विचारायचं काही राहिलं नाही, उत्तर त्यातच होतं.

पुढं होतं ते असं. मी पाठवलेला ट्रॅक्टरचा फोटो त्यांनी गावच्या सभेत टेबलावर ठेवला. देवाच्या रथाला ट्रॅक्टर म्हटल्यावर दोघं उठून गेले, त्यातला एक दुसऱ्या दिवशी परत आला. ऑक्टोबरात रथ बाहेर काढला. पुढं भातशेतीतला एक लहान लाल ट्रॅक्टर होता, दोराला सतरा माणसं होती आणि वळणावर तासभर अडकायला झालं. तुम्ही हात लावला होता तो दोर, त्यांनी शेवटी लिहिलं होतं, आता थोडा काळा पडला आहे.